सुईचं टोक

मी जन्मात कधी चोरी केली नाही, पण चोराला कसं वाटत असेल ते मला पक्कं ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी वीस-बावीस दिवस मी तशी जगले.

अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या आतल्या बाजूला एका गाळ्यात परदेशी पाठवायचे लहान मुलांचे कपडे शिवले जायचे. तिथे मी मशीनवर होते. बाबांची गिरणी बंद पडून दोन वर्षं होत आली होती. माणूस मालवणचा, एरवी बोलायला लागला की थांबायचा नाही. पण त्या दोन वर्षांत घरात त्यांचा फक्त खोकला ऐकू यायचा. ताई लग्न होऊन बोरीवलीला गेलेली. म्हणजे जोगेश्वरीच्या चाळीतलं आमचं घर माझ्या एकटीच्या मशीनवर चाललं होतं. हे मला कोणी बोलून दाखवलं नाही. आई मासळीचा मोठा तुकडा बाबांच्या ताटाऐवजी माझ्या डब्यात घालायला लागली तेव्हा मला ते समजलं, आणि त्या दिवसापासून तो तुकडा माझ्या घशाखाली उतरेना.

गाळ्यात एक नियम होता. मशीनवर सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे शोधायचे, एका कागदावर चिकटपट्टीने जुळवून लावायचे आणि तो कागद लाइनवर देखरेख करणाऱ्या मास्तरांना दाखवायचा. सुई अख्खी भरली तरच नवी मिळायची. तुकडा कमी पडला तर सगळं बंडल बाजूला, लाइन बंद, सगळ्याजणी खाली बसून लोहचुंबकाने शोधणार, आणि जिची सुई तिला घरचा रस्ता. मास्तर सांगायचे, "तिकडच्या एका पोराला जरी टोचली ना, तरी सगळा माल परत. मग आपण सगळे बसा टाळ कुटत."

सुई आमच्या बोटात घुसली तर मात्र बोट तोंडात घालायचं आणि पुढचा नग उचलायचा. त्यासाठी कोणी लाइन बंद केली नव्हती. मला याचा तेव्हा राग यायचा असं म्हटलं तर ते खोटं होईल. राग खूप नंतर आला आणि अजून गेलेला नाही.

त्या दिवशी माझ्याकडे पिवळी जाकिटं आली. आत फायबर भरलेली, मऊ, दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या मापाची. चोवीस नगांचं बंडल, आणि त्या रंगात तेवढं लहान माप तेवढंच होतं. माल आधीच उशिरा निघाला होता, म्हणून सकाळपासून मास्तर मागे उभे. काखेतली जाड शिवण आली आणि कट्‌ आवाज झाला. सुईचा वरचा भाग मशीनमध्येच राहिला, मधला तुकडा माझ्या मांडीवर पडला. टोक कुठेच दिसेना. मी हातातला नग झटकला, ओढणी झाडली, मशीनखाली वाकले, आणि त्या घाईत शिवलेल्या जाकिटांचा ढीग खाली आला. आता टोक कुठल्या जाकिटात गेलं, की गेलंच नाही, काही सांगता येईना.

शेजारच्या मशीनवर मढची एक कोळीण बसायची. रोज होडीने वेसाव्याला उतरून यायची. तिने मान न वळवता विचारलं, "काय झाला गो बाय?" मी दोनच तुकडे चिकटवलेला कागद दाखवला. तिने ब्लाउजमधून कुंकवाची छोटी डबी काढली. आत कुंकू नव्हतं, घरच्या मशीनच्या तुटक्या सुयांची टोकं होती. अशी डबी गाळ्यातल्या निम्म्या बायकांकडे होती हे मला त्या दिवशी कळलं.

"घे, चिकटव. मास्तर काय भिंग लावून बगतंय?"

मी टोक घेतलं, चिकटवलं आणि मास्तरांकडे गेले. त्यांनी कागद उजेडात धरला.

"शाब्बास. लवकर सापडलं," ते म्हणाले आणि त्यांनी मला नवी सुई दिली.

बंडल पुढे गेलं. दोरे कापले गेले, इस्त्री झाली, जाकिटं पिशव्यांत आणि पिशव्या खोक्यांत गेल्या. जेवणाच्या सुट्टीत मी एकदा पॅकिंगपर्यंत जाऊन आले. हात लावायची छाती झाली नाही. त्यानंतर मास्तरांनी कोणालाही हाक मारली तरी मला वाटायचं, मलाच. ते गोरं मूल मी कधी पाहिलेलं नव्हतं, पण ते माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पडताना ते काखेवर पडतं, रडतं, आणि त्याची आई त्याला उगी करायला आणखी घट्ट धरते. मी जेवायची थांबले. आईला वाटलं, माझं कुठे काही जमलंय.

मग बातमी आली की उशीर झाला म्हणून तिकडच्यांनी ऑर्डर रद्द केली. गाळ्यात बायका रडकुंडीला आल्या, आणि मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. माल गेला नाही! कुणाला टोचणार नाही, कुणाला कळणार नाही. त्या दिवशी मी दोन वेळचं एकदम जेवले. शेठ त्या मालाचं पुढे काय करील हा विचार माझ्या डोक्यातही आला नाही. इतकी मी मूर्ख.

पुढच्या रविवारी ताई तिच्या मुलाला घेऊन आली. मी नळावरून कपडे धुऊन वर आले, तर पोरगा खोलीभर दुडुदुडु पळतोय आणि त्याच्या अंगात पिवळं जाकीट.

"अंधेरी स्टेशनबाहेर मिळालं," आई कौतुकाने म्हणाली. "एक्सपोर्टचा माल आहे. फॉरेनच्या पोरांचा."

मी पोराला धरलं आणि जाकीट ओरबाडून काढलं. तो किंचाळला. मी कात्री घेतली आणि काखेपासून उसवायला लागले. ताई ओरडली, "वेड लागलं का गं तुला? नवं कोरं आहे ते!" मी थांबले नाही. फायबर पिंजून पिंजून पाहिला, शिवण न्‌ शिवण बोटाने चाचपली. टोक नव्हतं. मग मी जमिनीवरच बसले आणि सगळं सांगितलं.

मला वाटलं होतं, आई मारेल. तिने फक्त विचारलं, "आणि बाकीची?"

बाकीची तेवीस. त्यांतलं एक तर खालच्याच मजल्यावर होतं. आईनेच तिथल्या शेजारणीला सांगितलं होतं की माल झकास आहे, संपायच्या आत घे. तिची मुलगी नुकती चालायला लागलेली, आणि तिचा नवरा आमच्याच गाळ्यात पॅकिंगला.

बाबा कोपऱ्यातून उठले. "तिच्या घोवाक कळला तर तुजी नोकरी गेली, चेडवा," ते म्हणाले. "तरी जा तू."

मी गेले. शेजारणीने ऐकलं, मुलीच्या अंगातलं जाकीट काढलं आणि माझ्या हातात न देता स्वतःच फाडलं. त्यातही काही निघालं नाही. मग तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी स्टेशनबाहेर गेलो. फेरीवाला म्हणाला, "पीला छोटा? वो तो कबका खतम."

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाले. "तेव्हाच सांगायचं होतंस ना."

"सांगितलं असतं तर काय केलं असतं?"

"तेव्हाच काढलं असतं."

त्या वर्षी थंडीभर मी घरीच होते. रस्त्यात कुणाच्या कडेवर पिवळं दिसलं की मी गाड्यांमधून पलीकडे धावायची, त्या बाईला थांबवायची आणि सांगायची, ताई, हे काढा, मला एकदा बघू द्या, आत सुई असेल. मला तीन जणी भेटल्या. एकीने ऐकलं. बाकी दोघींनी माझ्या चपलांकडे पाहिलं आणि पोराला पदराखाली घेतलं. त्यांना वाटलं, मला ते जाकीट हवंय.