पाटणकर बाईंचा फळा

पाटणकर बाई आमच्या शाळेत आल्या तेव्हा मी आठवीत होते. माहेर चिपळूणचं, सासर पुसदचं, आणि नोकरी आमच्या गावात, पुसदहून एसटीनं तासाभरावर. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, "आपल्याकडे पाऊस कुठून येतो?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "वरून." वर्ग हसला आणि सगळ्यांत जास्त बाई हसल्या. भूगोलाच्या तासाला शिक्षक हसतात, हे आम्हाला नवीनच होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कबड्डीच्या फक्कीनं मैदानभर महाराष्ट्र आखला. वर्गातली आडदांड मुलं ओळीनं सह्याद्री म्हणून उभी केली. मुली ढग झाल्या, हातात भरलेले तांबे. पश्चिमेकडून निघालेले ढग सह्याद्रीपाशी आले की निम्म्याहून अधिक पाणी कोकणातच ओतायचं. पलीकडे माणदेशात नुसता हात झटकायचा. मी पुसद होते, हातात रिकामी वाटी घेऊन. ढग माझ्यापर्यंत आले तेव्हा तांब्यात फार उरलं नव्हतं. मी रडवेली झाले, तेवढ्यात पूर्वेकडून, बंगालच्या उपसागराच्या बाजूनं, दुसऱ्या मुली तांबे घेऊन आल्या. "आपल्याला दोन्ही समुद्र पाणी धाडतात बरं का," बाई म्हणाल्या. पुस्तकात कोकणाला चार पानं आणि आम्हाला चार ओळी होत्या, त्याचं दुःख त्या दिवशी गेलं. सह्याद्री मात्र घरी जाऊन ओल्या कपड्यांबद्दल मार खाऊन आला.

बाईंनी शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवला आणि एसटी थांब्याजवळ एक फळा टांगला. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि आकडा फळ्यावर लिहायचा. नववीतल्या मुलांकडे आठवड्याची पाळी असे. सुरुवातीला लोकांनी थट्टा केली. पण ती कापसाची वाईट वर्षं होती. कापसाचा विषय निघाला की घरातलं बोलणं थांबायचं, आणि सरकी एकदा वाया गेली तर दुसऱ्यांदा आणायची कुणाची छाती नव्हती. पुरेसा पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही, हे बाई चहाच्या टपरीवर उभ्या राहून सांगत. हळूहळू कास्तकार फळा वाचल्याशिवाय वावरात जाईनासे झाले. माझे बाबा तर म्हणायचे, "बाईच्या फळ्यावर हाय म्हणजे हाय."

आता जे सांगणार आहे ते बाईंखेरीज आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी नववीत असतानाची गोष्ट. पाऊस लांबला होता. शाळा उघडून आठवडा झाला तरी पेरण्या खोळंबल्या होत्या. पाळी माझी होती आणि मी रविवारी बारशाला उमरखेडला मावशीकडे गेले. त्या रात्री उमरखेडला धो धो पाऊस झाला. सोमवारी सकाळच्या एसटीनं उतरले तर गावातही रस्ता ओला. मोजायला आधी शाळेपर्यंत कोण जातं, म्हणून थांब्यावरच खडू घेतला आणि मावशीच्या अंगणात जेवढा दिसला तेवढा पाऊस अंदाजानं आमच्या फळ्यावर लिहून टाकला. मैदानावर वाटी धरून उभी राहिलेली मी! दहा कोसांवरचा पाऊस वेगळा असतो, हे मला कळायला नको?

मग शाळा भरायच्या वेळी गेले तेव्हा पर्जन्यमापक पाहिला. तळाशी जेमतेम दोन बोटं पाणी. बाबा सरकी घेऊन निघाले असणार हे मला माहीत होतं. मुलीची शाळा पुरे, अशी बोलणी घरात चालूच होती, आणि हे कळलं असतं तर माझी शाळा त्याच दिवशी संपली असती. मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "किती वेळ झाला?" आणि छत्री न घेताच निघाल्या.

फळा पुसून खरा आकडा लिहिला आणि त्या वावरावावरांतून धावल्या. काळ्या चिखलात चप्पल रुतली ती तिथेच सोडली. मी मागे. आमच्या वावरात बाया ओळीनं उभ्या होत्या, बाबांनी पिशवी फोडायला हात घातला होता.

"थांबा! पेरू नका, आकडा चुकलाय."

"काहून? तुमच्याकून बी चुकते काय, बाई?"

"माझ्याकडूनच चुकला. वाचताना चूक झाली."

बाबांनी पिशवी खाली ठेवली. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दोघा कास्तकारांनी मात्र तोवर पेरलं होतं. उगवण विरळ झाली. बाईंनी स्वतःच्या पदरची सरकी आणली, चांगला पाऊस झाल्यावर आख्खा नववीचा वर्ग नेला आणि रिकाम्या जागी बी लावलं. चिपळूणच्या बाई वाकून सरकी लावताना पाहायला निम्मं गाव जमलं होतं, त्यातल्या बायांनी त्यांना हसत हसत हात कसा चालवायचा ते शिकवलं. मला शिक्षा एकच झाली: त्या पावसाळ्यात रोजचा आकडा मीच लिहायचा. एकही दिवस चुकला नाही. पुढे मी भूगोल घेतला आणि आज उमरखेडच्या शाळेत तोच विषय शिकवते.

पण गाव विसरलं नाही. बाई निवृत्त होईपर्यंत टपरीवर कुणी ना कुणी विचारायचंच, "बाई, आज चष्मा घातला व्हता ना?" बाई हसून म्हणायच्या, "दोनदा पुसला हो." मी शेजारी उभी असायचे आणि गप्प राहायचे. याची मला लाज वाटते. फार वाटते.

बाईंना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. समारंभाला सारं गाव येईल, बाबा तर पहिल्या रांगेत असतील आणि चष्म्यावरून बोलल्याशिवाय राहणार नाहीत. म्हणून हे बाईंच्या या गौरव अंकातच छापून टाकते. बाबा, तो आकडा मी लिहिला होता. बाईंनी काहीच चुकीचं वाचलं नव्हतं.

बाई, तुम्ही शंभरी पार करा, गुडघे ठणठणीत राहोत. आणि यापुढे कुणी थट्टा केली तर त्याला खुशाल माझ्याकडे पाठवा.