एकशे सतरा नंबरची सर्व्हिस

ऑफिसात त्याला सगळे द्वारपाल म्हणत. एका साहेबांनी चेष्टेत ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. नद्यांच्या पाण्याची मोजदाद ठेवणारं मोठं सरकारी खातं होतं ते. तिथे जिन्यामागे एक बारा महिने गार ठेवलेली खोली होती. तिच्यात युनिक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं एक जुनं मशीन दिवसरात्र घरघरत असे, आणि त्या मशीनचा सगळा कारभार द्वारपालाकडे होता. बाहेर ऊन रणरणत असलं तरी हा गृहस्थ आत स्वेटर घालून बसलेला. त्यावरूनही त्याची टिंगल व्हायची. तो हसायचा नाही, चिडायचाही नाही. आपली टिंगल करणारी माणसं आपल्याच मशीनवर जगतात, हे त्याला पुरेसं होतं.

काम सांगायला सोपं होतं. लांबलांबच्या केंद्रांवरची माणसं टेलिफोनच्या लाइनवरून या मशीनला हाक मारत. हाक ऐकण्यासाठी मशीनच्या आत एक प्रोग्राम कायम कान लावून बसलेला असे, त्याला म्हणायचं लिसनर. हाक आली की लिसनर विचारणार, कितव्या नंबरची सर्व्हिस हवी? सर्व्हिस म्हणजे एकेका कामासाठी नेमलेला वेगळा प्रोग्राम. नंबर कळला की तो त्या सर्व्हिसला उठवून पाहुण्यासमोर उभी करणार आणि स्वतः पुन्हा दाराशी जाऊन बसणार. कोणती सर्व्हिस चालू ठेवायची, कोणती तात्पुरती बंद करायची आणि कोणती कायमची काढून टाकायची, हे द्वारपाल ठरवायचा. इतका अधिकार खात्यात फार थोड्यांना होता. पण या अधिकाराला ना गाडी होती ना शिपाई, म्हणून तो कोणी त्याच्याकडून हिसकावला नाही.

त्याचे वडील याच खात्यात, पण अगदी तळाला. दूरच्या एका नदीवर जुना पूल होता. पुलाच्या खांबावर आकड्यांची उभी पट्टी ठोकलेली, आणि तिच्यापर्यंत उतरायला काठावर दगडी पायऱ्या. रोज सकाळी उतरायचं, पाणी कितव्या आकड्याला टेकलंय ते बघायचं, वर येऊन खोलीतल्या टर्मिनलवर, म्हणजे मशीनला जोडलेल्या पडदा-कीबोर्डवर, तो आकडा टाकायचा. झालं काम. यात त्यांचा जन्म गेला. रिटायर झाल्यावरही खात्याने त्यांना रोजंदारीवर तिथेच ठेवलं, कारण त्या आडजागी जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मोबदल्यात मिळाल्या होत्या पुलाशेजारच्या दोन खोल्या. जोवर तिथून आकडे जाताहेत, तोवर खोल्या त्यांच्या.

त्या खोल्यांवर म्हाताऱ्याचा जीव होता. बायको तिथेच गेली होती. तिने लावलेलं लिंबाचं झाड दारात होतं, आणि पहाटे खिडकी उघडली की नदी दिसायची. मुलगा-सून किती वेळा म्हणाले, आमच्याकडे चला. म्हातारा एकच उत्तर द्यायचा. "मला इथून उठवू नका रे. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर मी काय बघत बसू? समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे?" द्वारपालाला याचा राग यायचा. बाप एकटा पडलाय म्हणून, आणि लोक आपल्याला नावं ठेवतात म्हणूनही. दुसरं कारण तो बायकोलाही सांगत नसे.

दर रविवारी फोन व्हायचा. बोलायला दोघांकडे फारसं काही नसायचं. जेवण, झोप, गुडघे. गुडघे अलीकडे फार धरतात, असं म्हातारा म्हणू लागला होता. आणि गेले काही महिने फोन ठेवता ठेवता तो न चुकता एक प्रश्न विचारायचा.

"मशीन बरं आहे ना रे तुझं?"

"बरं आहे. मशीनला काय धाड भरलीय? तुम्ही तुमच्या तब्येतीचं बघा."

"तसं नाही. बरं आहे ना, एवढंच विचारलं."

द्वारपालाला हसू यायचं. शेजाऱ्याच्या म्हशीची चौकशी करावी तशी हा माणूस मशीनची चौकशी करतो, असं तो बायकोला सांगायचा. बायको म्हणायची, "विचारतात ते तुम्हालाच. मशीन आपलं निमित्त." हेही त्याला पटायचं.

आता हे मशीनच्या चौकशीचं खूळ कुठून निघालं, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

खात्यात नवे साहेब आले. नव्या साहेबांना साफसफाईची हौस असतेच. या साहेबांनी फर्मावलं, मशीनवर वर्षानुवर्षं साठलेल्या नको त्या सर्व्हिसेस काढा, उघडं दार म्हणजे चोराला आमंत्रण. बोलणं रास्त होतं. पण कोणती सर्व्हिस कोणाची, हे कोणाला ठाऊक? निम्म्या सर्व्हिसेस आधीच्या माणसाने घातलेल्या. त्याने यादीत नुसता नंबर टाकलेला, पुढे माहितीची जागा कोरी. तो माणूस नोकरी सोडून परदेशी गेला होता आणि पत्ता ठेवून गेला नव्हता.

अशा वेळी या धंद्यातले लोक एक युक्ती करतात. सर्व्हिस काढून टाकायची नाही, नुसती बंद करायची आणि कान देऊन बसायचं. ज्याची असेल तो ओरडत येईल. आला की माफी मागायची आणि चालू करून द्यायची. कोणीच ओरडलं नाही, तर ती कोणाचीच नव्हती, खुशाल काढून टाका. द्वारपालाला ही युक्ती फार आवडायची. कोणाच्या पाया पडून माहिती गोळा करायला नको. "ज्याला गरज, तो बोंबलेल," असं तो म्हणायचा.

एकेक सर्व्हिस बंद होऊ लागली. पगाराच्या टेबलावरची बाई तणतणत जिना उतरून आली, तिची लगेच चालू झाली. धरणावरच्या इंजिनिअरने फोनवर आईबहीण काढली, त्याचीही झाली. एकशे सतरा नंबरची बंद केली तेव्हा चिटपाखरूही फिरकलं नाही. त्याने चांगली महिनाभर वाट पाहिली. शेवटी ती काढून टाकली, आणि यादी केवढी सुटसुटीत झाली म्हणून त्याला बरंसुद्धा वाटलं.

एकशे सतरा ही पुलांवरच्या आकड्यांची सर्व्हिस होती. खात्याने पुलापुलावर आपोआप पाणी मोजणारी यंत्रं बसवली होती, त्यांचे आकडे दुसऱ्याच वाटेने यायचे. सगळ्या पुलांवर यंत्र बसलं, असं परिपत्रकात छापलं होतं आणि द्वारपालाने ते खरं मानलं. एका पुलावर ते बसायचं राहून गेलं होतं. ज्याचा बाप तिथे राहतो त्याने तरी एकदा विचारायला हवं होतं की नाही? पण बाप आकडा कितव्या नंबरवर टाकतो, हे मुलाने जन्मात विचारलं नव्हतं. ऑफिसात वडिलांचा विषय निघाला की तो आवरता घ्यायचा. बाप पायऱ्या उतरून पाणी बघतो, हे सांगायला त्याला कसंतरीच वाटायचं.

पावसाळा सरला आणि साहेबांनी बैठक बोलावली. ज्या केंद्रांवरून काहीच येत नाही ती बंद करायची. एकेक नाव वाचलं जात होतं आणि द्वारपाल मशीनवर बघून हो-नाही सांगत होता. वडिलांच्या पुलाचं नाव आलं. त्याने बघितलं. अख्खा पावसाळा कोरा. एकही आकडा नाही.

त्याने वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितलं. पण त्याला वाटलं काय? मशीनचा संशय त्याच्या मनालाही शिवला नाही. त्याला वाटलं, म्हाताऱ्याने काम सोडलं. गुडघे धरतात म्हणून पायऱ्या उतरत नाही, घरात बसून रोजंदारी खातो, आणि फोनवर मात्र सगळं ठीक म्हणून सांगतो. लाजेने त्याचे कान तापले. त्या लाजेखाली, खोटं कशाला बोला, थोडा सुटकेचा आनंदही होता. आता तरी बाप घरी येईल आणि लोकांची तोंडं बंद होतील.

"येतं का काही?" साहेबांनी विचारलं.

"नाही," द्वारपाल म्हणाला.

हुकूम निघाला. केंद्र बंद, खोल्या महिनाअखेर रिकाम्या करून द्याव्यात.

तो टेम्पो घेऊन वडिलांना आणायला गेला. वाटेत मनातल्या मनात बोलणी जुळवत होता. एकदा खडसावायचंच, मग मोठ्या मनाने माफ करायचं. पोचला तेव्हा सकाळ होती. सामान बांधून ठेवलेलं, खोलीत कोणी नाही. तो काठाशी गेला. म्हातारा पायऱ्या चढून वर येत होता. एका हातात काठी, दुसरा हात भिंतीला, विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"आलास? थांब हं, तेवढा आकडा टाकतो."

"बाबा, केंद्र बंद झालंय."

"महिनाअखेरपर्यंत आहे की. हुकमात तसंच आहे."

म्हातारा टर्मिनलपाशी बसला. चष्मा पुसला. एका बोटाने एकशे सतरा दाबलं आणि वाट पाहिली. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, अशी कोणतीही सर्व्हिस नाही. म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याला एवढंच शिकवलं होतं की आकडा पोचला की ओके येतं.

"बघ, पुन्हा नाही म्हणालं," तो पुटपुटला आणि काठी घेऊन उठला.

"कुठे निघालात?"

"खाली. पुन्हा बघून येतो. पट्टीचे आकडे पुसट झालेत, आणि माझी नजर आता अशी. चुकीचा वाचला असणार, म्हणून ते घेत नाही."

"रोज पुन्हा उतरता?"

"एकदा उतरतो, कधी दोनदा. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा जरा वेळ लागतो. एकदा पडलो होतो, पण ते काही विशेष नाही."

"आकडा टाकायच्या आधीच ते नाही म्हणतंय, बाबा! तुम्ही कळवलं का नाही? ओरडायचं नाही का?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "कोणाला कळवू? साहेबाला? तुझ्या मशीनची तक्रार तुझ्या साहेबाकडे करू? नोकरी आहे तुझी ती. तुला विचारत होतोच की दर रविवारी. तू म्हणायचास, बरं आहे. मशीन बरं म्हटल्यावर चूक माझीच, नाही का?" मग जरा ओशाळून म्हणाला, "आता आलाच आहेस तर बघून सांग ना, माझं नेमकं काय चुकत होतं."

द्वारपाल खुर्चीत बसला. पडद्यावर ती ओळ तशीच होती. ती ओळ कोणामुळे आली, हे जगात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. तिथूनच साहेबांना फोन करून, चूक माझी, असं म्हटलं असतं तर हुकूम फिरला असता. त्यावर कोणाचं दुमत झालं नसतं. मग चौकशी झाली असती, भरल्या बैठकीत कोणीतरी विचारलं असतं, बंद कोणी केली? आणि तो पुलावरचा म्हातारा तुमचा कोण? बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"लाइन खराब झालीय," तो म्हणाला. "जुनी लाइन आहे."

"म्हणजे आकडा बरोबर होता माझा?"

"बरोबर होता."

"आणि तुझं मशीन बरं आहे?"

"हो."

"मग ठीक," म्हातारा म्हणाला, आणि त्याचा चेहरा खरोखरच उजळला. टर्मिनलवर त्याने फडकं घातलं, लिंबाला तांब्याभर पाणी घातलं आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. पूल ओलांडताना त्याने खाली बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी द्वारपालाने ऑफिसात गेल्या गेल्या एकशे सतरा नंबरची सर्व्हिस पुन्हा घातली आणि चालू केली. दोन ओळींचं काम. स्वतःचीच चीड आली त्याला, इतकं ते सोपं होतं. लिसनर पुन्हा त्या नंबरसाठी कान लावून बसला, आणि पलीकडे हाक मारायला कोणी उरलं नव्हतं.

म्हातारा आता तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्यांचे कपडे बघतो. तक्रार करत नाही, भाजीत मीठ कमी असलं तरी बोलत नाही. सून म्हणते, इतकं गुणी माणूस मी पाहिलं नाही. फक्त रात्री जेवायला बसलं की तो मुलाला विचारतो, "मशीन बरं आहे ना रे?" आणि मुलगा ताटात बघत म्हणतो, "बरं आहे."

एकदा सुनेला राहवलं नाही. "बाबा, रोज रोज काय तेच विचारता?"

"विचारावं गं," म्हातारा म्हणाला. "ते बिचारं आपणहून थोडंच ओरडणार आहे?"

द्वारपाल अर्ध्या जेवणावरून उठला आणि मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ हात धूत उभा राहिला.