लिंबाजवळ थांबणारी गाडी

दारव्ह्याबाहेर टेकडीवर डोळ्यांचा एक दवाखाना आहे. ऑपरेशन खाली फाटकापाशी होतं आणि वॉर्ड वर. मधला चढ साडेतीनशे पावलांचा. पेशंटांची गाडी चालवणाऱ्या लखीरामने तो मोजला होता, कारण त्यातली शेवटची नव्वद पावलं तो रोज गाडी ढकलत चढायचा.

गाडी बॅटरीवरची, गोल्फच्या मैदानात चालवतात तशी. बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टमधून ट्रस्टने ती स्वस्तात आणली. सपाटीवर झोकात चाले, पण पाच पेशंट घेऊन लिंबाच्या झाडापाशी पोचली की बसकण मारी. मग एका डोळ्याला पट्टी बांधलेली म्हातारी माणसं एकमेकांचा हात धरून उतरत, आणि अठ्ठावन्न वर्षांचा लखीराम मागे जाऊन खांदा लावी. झोपेतसुद्धा आपण ढकलतोच आहोत, असं त्याला वाटायचं.

शेवटी व्यवस्थापक अनघा मॅडमनी ठरवलं, छत्तीस व्होल्टची ही गाडी अठ्ठेचाळीसवर न्यायची. तरीही चढली नाही तर विकायची. विकली की म्हाताऱ्यांना सगळा चढ पायी.

नागपूरच्या दुकानदाराने फोनवर यादी सांगितली. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या, नवा कंट्रोलर, सोलेनॉइड, जाड वायरी, चार्जर. सगळ्यात शेवटी कन्व्हर्टर, म्हणजे चारही बॅटऱ्यांकडून सारखी वीज घेऊन दिवे-हॉर्नला बारा व्होल्ट देणारा डबा. ती ओळ लखीरामने खोडली.

"मॅडम, तीस वर्सं जीपगाड्याची वायरिंग केली म्या. चारातल्या एका बॅटरीवरून दिवे घेतो. डब्बा कायले पायजे?"

"नक्की ना?"

"नक्की म्हंजे? आता काय लिहून देऊ?"

शॉर्टसर्किट नको म्हणून हातातलं चांदीचं कडं काढून, पान्ह्याला सायकलची ट्यूब गुंडाळून त्याने दोन दिवसांत काम उरकलं. गाडी लिंब ओलांडून वर गेली. पेशंट म्हणाले, नीट दिसत नाही तर गाणं तरी ऐकवा, म्हणून त्याने एक स्पीकरही बसवला. वायर त्याच पहिल्या बॅटरीवरून घेतली. तीन आठवडे तो सुखाने बसून होता.

चौथ्या आठवड्यात गाडी पुन्हा लिंबापाशी थांबली.

"बॅटऱ्याच खराब निघाल्या," मॅडम म्हणाल्या. "वॉरंटी आहे. परत पाठवू. तुम्ही कशाला तोंड पाडता?"

गाडीची सीट उचलून लखीरामने एकेका बॅटरीला मीटर लावलं. तिघींचं साडेबाराच्या आसपास, पहिलीचं अकराच्या जरा वर. चार्जर चौघींना सारखंच भरत होता, पण दिवे, हॉर्न आणि गाणी एकटी तीच ओढत होती. ती उपाशी राहायची आणि चढावर बाकीच्या तिघींना मागे खेचायची.

मीटर मांडीवर ठेवून तो लिंबाखाली बसला. गप्प राहणं सोपं होतं. बदलून नव्या बॅटऱ्या आल्या असत्या, त्याची वायरिंग तशीच राहिली असती. पण मग पुन्हा तीन आठवड्यांनी खांदा लावायचा. खोटं त्याला एक वेळ पचलं असतं, ढकलणं आता जमणार नव्हतं.

तो कंबरेवर हात ठेवून ऑफिसात गेला.

"मॅडम, बॅटऱ्या ठीक हायेत. मीच चुकलो. चार बैल जुपले, अन् एकालेच दोन कामं लावले."

मॅडमनी चष्मा वर केला. "म्हणजे तो डबा?"

"तोच डबा."

"आणि ती तीस वर्षांची वायरिंग?"

"तितकीच जुनी कंबर बी हाये, मॅडम. मांगवा लवकर. सोमवारी शिबिर हाये."

डबा शनिवारी आला. दिवे, हॉर्न, गाणी सगळं त्याने डब्यावर घेतलं. थकलेली बॅटरी काढून वेगळ्या चार्जरवर ठेवली. रविवारी दुपारी ती भरली, पण टिकेल का, हे चढाशिवाय कळणार नव्हतं.

सोमवारी, तेरा जानेवारीला, पहिल्या खेपेत लालीबाई होती. जवळच्या तांड्यावरची, सत्तरीची. मागच्या हिवाळ्यात पहिल्या डोळ्याच्या वेळी ती लिंबापासून पायी गेली होती. आज दुसऱ्या डोळ्याला पट्टी होती, पण पहिल्याने तिला लिंब बरोबर दिसला. तिने लुगडं सावरलं, पाय बाहेर काढला.

"उतरा बाप्पा! आला लिंब."

"पाय आत घे, याडी," लखीराम ओरडला. तांड्यावर आईला याडी म्हणतात, भावाला भिया. "गाडी चालूनच राह्यली."

"ढकलत नाई का आज?"

"नाई."

"मंग तुयं काय काम रे, भिया?"

गाडीतले सगळे हसले. लखीराम हसला नाही. त्याचा कान मोटारीच्या आवाजावर होता. लिंब मागे पडला. आवाज जरा जड झाला, पण तुटला नाही.

वॉर्डापाशी पाचही जण उतरले. लखीराम उतरला नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो तसाच बसून राहिला. खालून सिस्टर हाका मारत होती, पुढचे पाच तयार होते. त्याने आणखी थोडा वेळ तिला हाका मारू दिल्या.