पूर्णेचा शिंपला

शिंपला ऊन पाण्यात बुडवला की त्यातून पूर्णा नदीच्या गाळाचा वास येतो आणि मला माझ्या पहिल्या बाळंतपणातली एक दुपार आठवते. दर्यापूरला आमच्या ओसरीवर मुंबईचा कापसाचा दलाल जेवायला बसला होता. त्या वर्षी भाव असा चढला होता की आमच्या गाद्यांतलासुद्धा कापूस अमरावतीच्या बाजारात गेला होता. तान्ह्याला दूध पाजायला बोळा करावा तर घरात बोटभर कापूस नव्हता. मला दूध आलं नव्हतं. लेक रडून रडून आता नुसती कण्हत होती, आणि सासूबाई दाराशी बसून शिंपल्यानं तिच्या तोंडात शेळीचं दूध सोडत होत्या. ते सगळं हनुवटीवरून ओघळत होतं. दलाल जेवता जेवता म्हणाला, "काकू, आमच्या समुद्रातला देवमासा दिसायला मासा, पण पिल्लाला अंगावर पाजतो." आत बाजेवर मी तोंड भिंतीकडे वळवलं. सासूबाईंचा हात थांबला नाही. त्या म्हणाल्या, "पाजत असन. आमच्या शिंपल्याले दूध नाई, पन या घरचे समदे लेकरं त्यानंच जगवले. तुमच्या देवमाशानं मानसाचं एक तरी लेकरू पाजलं काय, भाऊ?" तेवढ्यात लेकीनं पहिला घोट गिळला. दलालानं पुढे फक्त ताक मागितलं. आता तीच लेक बाळंतीण होऊन आली आहे आणि तिला दूध भरपूर आहे. तरी नातवाला पहिला घोट मी शिंपल्यानंच दिला; आमची देवमाशीण बाजेवरून नुसती बघत राहिली.