चिकटपट्टीखालचा तारपा

माझ्याकडे एक जुना कीबोर्ड आहे. जुना म्हणजे आमच्या थोरल्या मुलीच्या वयाचा. माझा भाऊ जहाजावर होता, त्याने कुठल्याशा बंदरात घेतला, आणि दुकानातला सगळ्यात स्वस्त म्हणून घेतला. काळं प्लास्टिक, लहान मुलांच्या बोटांना पुरतील अशा बारक्या पट्ट्या, वर बटणांची रांग. आमच्या यजमानांनी पहिल्याच दिवशी त्याला 'खेळणं' म्हटलं, ते आजतागायत. "तुझं खेळणं उचल टेबलावरून, मला जेवायचंय." मी म्हणते, खाली बसा की जेवायला, गुडघे मोकळे होतील.

पण ह्या खेळण्याचे आशिक कमी नाहीत. डहाणू स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, तिथले भाई गुजराती, माझ्याहून थोडे लहान. त्यांच्याकडे असल्या जुन्या वाद्यांचा ढीग. त्यांच्यासारखेच वेडे लोक वापीहून, वसईहून त्यांच्याकडे येतात आणि भाई त्यांना घेऊन आमच्या गावी, चिखल्याला, येतात. मग ओटीवर बसायचं, वाडीतले चिकू खायचे आणि एकेक आवाज काढून ऐकायचा. आता तुम्ही म्हणाल, नव्या कीबोर्डात तर खरी सतार येते, खरी बासरी येते. येते ना. आमचा हा कशाचीच नक्कल धड करत नाही, म्हणून तर आवडतो. ह्याची घंटा ऐकाल तर स्टीलच्या डब्यावर नख मारल्यासारखी. ह्याचं व्हायोलिन म्हणजे फ्रीजचं दार उघडल्यावर अंगावर येतो तो गारवा. एक पाहुणा ते ऐकून डोळे मिटून बसला, आणि भाई मला हळूच, "बेन, ह्याला चा पिलावो, नाही तर उठणार नाय."

ह्या कीबोर्डात आपला आवाज आपल्याला घडवता येतो. पुस्तक इंग्रजीत होतं, ते मला काही झेपलं नाही. बटणं दाबून दाबूनच शिकले. आवाज कसा चढावा, कसा उतरावा, एका स्वराच्या अंगाला दुसरा किंचित वाकडा लावला की थरथर कशी येते, हे सगळं कानाने. मात्र एक गोम आहे. घडवलेले आवाज आत टिकतात ते सेलच्या जिवावर. सेल मेले किंवा काढले, आणि तेव्हा विजेची वायरही लावलेली नसली, तर आपले सगळे आवाज गेले. कंपनीचे तेवढे उरतात.

माझ्या घडवलेल्या आवाजांत एक तारप्याचा आहे. भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, असं ते वारली लोकांचं वाद्य. तलासरीकडच्या एका पाड्यावरचे एक बाबा पूर्वी चिकूच्या हंगामात आमच्या वाडीत यायचे. तारपा वाजवण्यात त्यांच्या तोडीचा त्या बाजूला कोणी नव्हता. तोंडाने फुंकत असताना नाकाने श्वास घ्यायचे, त्यामुळे स्वर कुठे तुटायचाच नाही. एका वर्षी भात कापून झाल्यावर ते तारपा घेऊन आले आणि मी गमतीने म्हटलं, बाबा, तुमचा आवाज माझ्या पेटीत येतो का बघू. ते ओटीच्या एका टोकाला फुंकतायत, मी दुसऱ्या टोकाला बटणं दाबतेय.

"नाय बाय. ही शेळी हाय."

"आणि आता?"

"आता शेळीला सर्दी झाली."

असं करत करत एकदा त्यांनी तारपा तोंडातून काढला आणि नुसतं "हां" म्हणाले.

तेव्हा ती गंमत होती. पुढे बाबांची छाती बिघडली. ओटीच्या पायऱ्या चढतानाही दम लागायला लागला, आणि तारपा फुंकायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. पाड्यावर नवं भात आलं की नाच व्हायचा, बाबा एका कडेला खाटेवर बसून दुसऱ्या कोणाचं वाजवणं ऐकायचे, आणि घरी आले की जेवायचे नाहीत. हे त्यांच्या सुनेने मला बाजारात सांगितलं. मीच मग म्हटलं, पेटी घेऊन जा. त्या वर्षापासून नाचाला बाबा माझ्या कीबोर्डावर वाजवतात. बोटं तीच, आवाज जवळजवळ तोच, फक्त छातीला काम नाही.

त्यांनी एक नियम मात्र घातला. वारल्यांमध्ये कणसरीला, म्हणजे धान्याच्या देवीला, नवं भात दाखवल्याशिवाय तारप्याला हात लावत नाहीत. बाबा म्हणाले, पेटीतला असला तरी तो तारपाच. पावसाळ्याच्या तोंडावर ते स्वतः येऊन त्या बटणावर दवाखान्यातली चिकटपट्टी लावून जायचे. बाकीचं खुशाल वाजव, ते बटण दाबायचं नाही. भाई कितीदा म्हणाले, "बेन, त्या आवाजाचे आकडे, चढ किती, उतार किती, कागदावर उतरवून ठेवा." पण आकडे बघायचे तर तो आवाज निवडावा लागतो, म्हणजे पट्टी काढून बटण दाबावं लागतं. पावसाळ्यात ते चालत नाही. आणि पट्टी निघाली की नाच सुरू, नाचात कोणाला सवड? दिवाळीनंतर करू म्हणायचो, आणि दिवाळीनंतर पेटी गुंडाळून कपाटावर जायची.

भाईंनी मागे एकदा तो आवाज नव्या कीबोर्डात रेकॉर्ड करून घेतला होता. बाबांनी एक पट्टी दाबून बोट उचललं. "ह्यो मेलेला हाय," म्हणाले.

तर यंदाची गोष्ट. पावसाळाभर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन, मग सांभाळणं, त्यात मी कीबोर्ड उघडलाच नाही. भात पिवळं पडायला लागलं तसा बाबांचा निरोप आला की न्यायला येतोय. मी कापड सोडलं आणि पेटी उलटी केली. सेलच्या झाकणाच्या फटीतून पांढरा-हिरवा कीस बाहेर आला होता. आमच्याकडचा खारा वारा लोखंड खातो हे ठाऊक आहे, पण सेलसुद्धा फुटावेत? कीबोर्ड चालू केला तर सेल संपत आल्याचा लाल दिवा मिणमिणत होता. मी घाईघाईने वायर लावली आणि भाईंना फोन केला.

भाई आले, बाबाही त्याच दुपारी येऊन ठेपले. भाईंनी झाकण उघडलं आणि जीभ चावली. "बेन, हे आज नाय काढले तर आतलं सर्किट खाऊन टाकणार. अन् काढताना वायर हलली तर तुमचा तारपा गेला."

"हलेल कशाला?"

"बघा ने." त्यांनी वायरच्या पिनला बोट लावलं तसा दिवा फडफडला. पिनेची जागाच झिजून सैल झाली होती. कोणीतरी ती एका बाजूला दाबून धरायला हवी होती, भाई सेल काढून, गंज खरवडून, नवे सेल घालेपर्यंत.

यजमान म्हणाले, "मी धरतो." त्यांच्या हातात कपबशीसुद्धा खडखडते. मी म्हटलं, तुम्ही इन्व्हर्टरकडे बघा. माझ्या डोळ्याला अजून वाकून चालत नव्हतं. बाबा खाली बसले आणि अंगठा पिनेवर ठेवला. दिवा स्थिर झाला.

भाईंनी सेल ओढले. शेवटचा फुगून अडकला होता, तो चिमट्याने फोडत काढावा लागला. मग भाई बारीक कानशीने स्प्रिंग खरवडायला लागले. खर्र, खर्र. मी बाबांच्या अंगठ्याकडे बघत होते, म्हणून त्यांच्या चेहऱ्याकडे जरा उशिरा बघितलं. गळ्याच्या शिरा वर आल्या होत्या. डोळ्यांत पाणी. खोकला आला होता आणि ते तो आत दाबून बसले होते, नाकाने थेंब थेंब हवा घेत, तारपा वाजवताना घ्यायचे तशी.

"भाई, लवकर."

"लवकर केलं तर तुटेल, बेन."

"बाबांना खोकला येतोय!"

"अरे, दोन मिनिट दाबा, काका!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि भुवई पिनेकडे उडवली. मी डोळ्याबिळ्याचं विसरले, वाकले, माझा अंगठा त्यांच्या अंगठ्याशेजारी सरकवला. त्यांनी आपला काढला आणि तोंडावर उपरणं घेऊन ओटीच्या कडेला गेले. तो खोकला ऐकवत नव्हता. आणि त्या अंगठ्यांच्या अदलाबदलीत दिवा लुकलुकला. विझला की नुसता मंद झाला? मी म्हणते मंद झाला, भाई म्हणतात विझला, यजमान म्हणतात, मी इन्व्हर्टरकडे बघत होतो.

नवे सेल बसले. भाईंनी कीबोर्ड सुलटा केला आणि चिकटपट्टीला नख लावलं. "चला, बघून घेऊ."

"नाय," बाबा म्हणाले.

"काका, गेला असेल तर आज नवा बनवू. बेन आहे, तुम्ही आहात. तिकडे गेल्यावर सगळ्यांसमोर फजिती नको."

"कणसरीला भात दाखवला नाय अजून."

"अरे पण हे मशीन आहे!"

"मग मी कशाला लागतो? मशीनच वाजवा की."

भाई माझ्याकडे वळले. "बेन, तुम्ही समजवा."

मी काय समजावणार? माझंही बोट शिवशिवत होतं, खोटं कशाला सांगू. पण तो आवाज घडवताना "हां" त्यांनी म्हटलं होतं. मी कीबोर्ड गुंडाळून त्यांच्या स्वाधीन केला. जाताना ते म्हणाले, "बाय, तू ये नाचाला. बटणं माना नाय येत."

नाचापर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. मी मनात तो आवाज आठवून बघायची आणि दर वेळी निराळाच आठवायचा. भाजीला फोडणी दिली तरी त्यात तारपा ऐकू यायचा. यजमान म्हणाले, "खेळण्यासाठी एवढा जीव टाकतेस?" आणि स्वतःच टेम्पो ठरवून आले.

आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. भाई आधीच येऊन बसले होते. कणसरीला नवं भात दाखवून झालं. बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून ओळीने उभे राहिले, पुढे ताल धरायला काठी आपटणारा. बाबा मधे खाटेवर, मांडीवर कीबोर्ड, शेजारी सेलवरचा स्पीकर. त्यांनी चिकटपट्टी सोलली, बटण दाबलं आणि बोट ठेवलं.

ट्रम्पेटसारखं काहीतरी पिचकं वाजलं. कंपनीचा आवाज.

ओळीत कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचं बोट पट्टीवर तसंच राहिलं होतं, ते आपण काढत नाही आहोत हे त्यांना कळत नव्हतं. भाईंनी मान खाली घातली. त्यांनी "बोललो होतो" म्हटलं नाही, हे त्यांचे उपकार.

मी खाटेच्या टोकाला बसले. त्या दिवशी ओटीवर माझ्यासमोर खरा तारपा वाजत होता, आता समोर फक्त बाबांचं तोंड होतं. कंपनीचा सनईसारखा एक आवाज घेतला. तळाला वजन दिलं. त्याच्या अंगाला दुसरा स्वर वाकडा लावला.

"कमी," बाबा म्हणाले.

"आता?"

"आता लई. दारू प्यालेला हाय."

ओळीतल्या पोरी अजून कमरा धरून उभ्या. एक जण माझ्याकडे बघून ओरडली, "आजे, नाच आज हाय का होळीला?" काठी आपटणाऱ्याने तिला गप्प केलं. सूर्य ताडांच्या खाली गेला, मला आकडे दिसेनात. भाई मोबाईलचा उजेड धरून उभे राहिले. मी चढ बदलला, उतार बदलला, बाबा मान हलवत राहिले, आणि मग हलवेनासे झाले. नुसते ऐकत राहिले. माझ्याने विचारवेना.

"हात काढ," ते म्हणाले.

मी काढला. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने खालचा स्वर धरला, उजव्या हाताने सुरुवात केली, आणि काठी जमिनीवर आपटली. ओळ हलली. एका बाईने माझा दंड धरून मला ओढून घेतलं. मी नको नको म्हणेपर्यंत पाय पडायलाही लागले होते. भाई खाटेमागे उभे राहून आकडे मोबाईलवर टिपायला निघाले होते. बाबांनी वाजवता वाजवता कोपराने त्यांना बाजूला सारलं.

नाच थांबला, माणसं पाणी प्यायला पांगली, तेव्हा मी बाबांजवळ गेले. मला विचारल्याशिवाय घरी जाववलं नसतं.

"बाबा, खरं सांगा. तोच लागला का?"

बाबा उपरण्याने पट्ट्या पुसत होते. "पोरींचं पाय चुकलं का?"

"नाही."

"तुझं चुकलं?"

"माझे चुकले."

"तुझं नेहमीच चुकतात," ते म्हणाले, आणि पुन्हा खाटेवर सरसावून बसले, कारण ओळ पुन्हा लागत होती.