वडगावच्या आक्काचा फुकटचा कोर्स

फुकट शिक्षणावर माझ्या आक्काचा लई विश्वास होता.
माझा राहिलेला नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

सुशीला आक्का, माझी थोरली बहीण. दहावी झाली आणि तिला वडगावात पॉवरलूमच्या घरात दिली. मला निपाणीला.
पुढं शिकायचं तिच्या मनातून कधीच गेलं नाही.

पोरं मोठी झाल्यावर तिला मोबाईलवर अकाउंटिंगचा ऑनलाइन कोर्स सापडला. फी नाही, वयाची अट नाही.
फक्त सगळं इंग्लिशमध्ये.

व्हिडिओ थांबवायची, शब्दाचा अर्थ शोधायची, परत मागं न्यायची. तसाच पुरा केला.

मग गल्लीतल्या सुनांना गोळा केलं. दुपारी जेवणाला माग बंद झाले की मोबाईल टीव्हीला जोडायचा.

मी म्हटलं, "जिच्या तिच्या मोबाईलवर बघू देत की."

"एकटीला झोप येती गं सुमी. चौघी बसल्या की भांडण हुतंय. भांडता भांडता डोक्यात शिरतंय."

शेजारची मनीषा सगळ्यांत पुढं गेली. सर्टिफिकेट मिळालं. आक्कानं गल्लीत पेढे वाटले आणि मनीषाच्या सासूला सांगून टाकलं, "हिला आता ऑफिसात काम मिळतंय बघा."

मनीषा उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातल्या एका कारखान्यात इंटरव्ह्यूला गेली.
साहेबांनी सर्टिफिकेट बघितलं. "ऑनलाइन? फ्री?"
मग डिग्री विचारली. ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी आक्का स्वतः तिला घेऊन गेली. साहेब कानडी, म्हणून कन्नडमध्ये बोलली. सर्टिफिकेट राहू द्या, इथं बसवा, काम देऊन बघा म्हणाली.
त्यांनी चहा पाजला. काम दिलं नाही.

संध्याकाळी आक्काचा फोन आला.
"मीच आशा लावली गं तिला. आता तिच्या सासूला काय तोंड दावू?"

सासूनं मनीषाला पाठवणं बंद केलं. ते बघून आणखी एकजण यायची थांबली.
चौघींतली लता तेवढी येत राहिली. तिच्या एकटीसाठी आक्का रोज दुपारी टीव्ही लावून बसायची.

मग आक्काला कावीळ झाली. अंगावर काढली, लिव्हर निकामी झालं.
दवाखान्यातसुद्धा कानात इअरफोन.

"आता कशाला गं आक्का?"
"पुढच्या धड्यात जीएसटी हाय. लता इचारील. मला यायला नको व्हय?"

घरी परत आलीच नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी लताला म्हटलं, "व्हिडिओ आहेत की सगळे. पुरा कर तू."

"व्हिडिओ हाईत ओ मावशी. पर न्हाय समजलं तर इचारायचं कुणाला?"

मला त्यातलं काही येत नाही.

लताचा कोर्स तिथंच थांबलाय. मनीषा सासूबरोबर मागाच्या कांड्यांवर सूत भरते.

आक्का, कोर्स अजून आहेत. फुकटच आहेत.
शेजारी बसून सांगणारी तू नाहीस.

तुला मनापासून नमस्कार.
तुझी सुमी