वर केलेली बाही

आमच्या शिरूरच्या दवाखान्यात सुई टोचून घेतल्याशिवाय पेशंटला बरंच वाटायचं नाही. इनामगावाकडून एसटीनं आलेला माणूस आत पाऊल टाकतानाच सदऱ्याची बाही वर करायचा. आप्पा, म्हणजे आमचे डॉक्टर वडील, ताकदीची लाल सुई द्यायचे आणि माणूस दंड चोळत खुशीत घरी जायचा. त्या सुईवर आणि आप्पांच्या गोड बोलण्यावर दवाखाना चालला होता.

नव्वदच्या दशकात आप्पांचे हात थरथरू लागले आणि माझी धाकटी बहीण डॉक्टर होऊन त्यांच्या खुर्चीत बसली. बसल्याबरोबर तिनं सांगून टाकलं, गरज असेल तरच सुई. शाळेतली नोकरी आटपून मी तिच्या मदतीला जायची, त्यामुळे पुढची पडझड मी डोळ्यांनी पाहिली. "सुई न्हाई? मग कसली डॉक्टरीण?" म्हणत लोक दुसरीकडे जाऊ लागले. दौंडला आणखी एक दवाखाना काढायचं तिच्या मनात होतं, इथं आहे तोच बंद पडायची वेळ आली.

"अगं, एका सुईनं कुणी मरतं का?" मी वैतागून विचारलं.

"ताई, नको असलेलं औषध मी कुणाला टोचणार नाही."

हट्टी कुठली! राग यायचा, आणि तिच्याकडे बघतच राहावंसंही वाटायचं.

मग आप्पांनाच ताप आला. शाल पांघरून, कण्हत दवाखान्यात आले. बाकड्यावर चार-दोन जुने पेशंट होते. आप्पांनीही सवयीनं बाही वर केली.

"पोरी, एक सुई दे. अंग लई मोडून आलंय."

बाकड्यावरचे एक मामा मान लांब करून बघायला लागले. आता दिली, तर उद्या कुणालाच नाही म्हणता येणार नव्हतं.

तिनं घसा पाहिला, छाती तपासली. मग आप्पांची बाही हळूच खाली ओढली आणि मनगटाशी बटण लावलं.

"साधा फ्लू आहे, आप्पा. गोळी घ्या आणि पडून राहा. सुई नाही."

मला वाटलं, आता भडका उडणार. आप्पा बाकड्याकडे वळले.

"मला कुणाला न्हाई म्हणवलं न्हाई. हिला बापालासुद्धा न्हाई म्हणवतंय."

मामा शेजारच्याला म्हणाले, "बापाला दिली न्हाई, म्हंजी खरंच लागत नसंल." ही गोष्ट बाजारभर झाली. माणसं हळूहळू परत आली, बाही खाली ठेवून.

काही वर्षांनी दौंडचा दवाखाना उघडला. आप्पा हट्टानं बाहेरच्या बाकड्यावर बसले. रेल्वेतला एक माणूस आला आणि दारातच त्यानं बाही वर केली. आप्पांनी थरथरत्या हातानं ती खाली ओढली. बटण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"आधी तिला तपासू द्या," ते म्हणाले. "लागली तर देईल ती."